पदवी न्यायाची, हप्ता बँकेचा

बारावीचा निकाल लागला की परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील बँकांच्या शाखांत पीककर्जाच्या रांगेतच आणखी एक अर्जदार उभा राहतो. त्याच्या हाती सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर एखाद्या महाविद्यालयाचे प्रवेशपत्र असते आणि शेजारी सहकर्जदार म्हणून सही करावयास आलेले वडील असतात. एकेकाळी असे कर्ज बहुधा अभियांत्रिकीसाठी मागितले जाई. आता त्यात पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, न्यायसहायक विज्ञान, गुन्हेगारीशास्त्र अशा विषयांची भर पडली आहे. पोलीस, न्यायालय, कारागृह आणि प्रयोगशाळा मिळून जी फौजदारी न्यायव्यवस्था बनते, तिच्यात शिरण्याची ही द्वारे आहेत, अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे.

या ओढीला कारणेही आहेत. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे १ जुलै २०२४ पासून अमलात आले आणि फौजदारी कायद्याची चर्चा घराघरांत पोचली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरात संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जे घडले, आणि त्यातून अटक झालेल्या, कायद्याचेच शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत जो मृत्यू झाला, त्याने तर कायदा कोणाच्या हाती असतो हा प्रश्न या जिल्ह्यापुढे फार जवळून उभा केला. तेव्हा या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाच्या मनात केवळ नोकरीचा विचार असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु हेतू कितीही उदात्त असला, तरी बँकेचा हप्ता ठरलेल्या तारखेसच द्यावा लागतो. म्हणून या पदवीची कमाई या पदवीचे कर्ज पेलू शकते काय, हा प्रश्न भावनेत न अडकता विचारला पाहिजे.

शिक्षण ही गुंतवणूक आहे, पण कोणती?

थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात शिक्षणाकडे भांडवली गुंतवणूक म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. विद्यार्थी आज शुल्क भरतो, शिकण्याच्या काळातील मजुरीवर पाणी सोडतो, आणि त्याच्या बदल्यात पुढे अधिक कमाईची अपेक्षा ठेवतो. या विचारातला एक महत्त्वाचा भाग मात्र नेहमी विसरला जातो. तो म्हणजे काळ. आज हातात असलेला रुपया आणि दहा वर्षांनी मिळणारा रुपया यांचे मोल सारखे नसते. व्याजाचा दर दहा टक्के धरला, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाचे आजचे मोल साडेअडतीस पैसे एवढेच भरते. म्हणून एखाद्या व्यवसायात शेवटी पुष्कळ पैसा मिळतो, एवढे सांगून भागत नाही. तो केव्हा मिळू लागतो, हेही सांगावे लागते. फौजदारी न्यायाच्या क्षेत्रात नेमके हेच गणित चुकते.

पोलीस भरती: जेथे पदवी विचारली जात नाही

प्रथम पोलीस दलाचा विचार करू, कारण परभणीसारख्या जिल्ह्यातील तरुणाच्या डोळ्यांपुढे प्रथम तेच असते. महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण एवढीच शैक्षणिक अट आहे. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे. २०२५ च्या आरंभापासून लागू झालेला ५५ टक्के महागाई भत्ता जमेस धरला, तर त्या वेळी नव्या शिपायाचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३३ हजार ६३५ रुपये होत. घरभाडे भत्ता वेगळा. हा शिपाई बारावी झालेला असो वा विधी पदवीधर असो, आरंभीच्या वेतनात एका रुपयाचाही फरक पडत नाही. पदवीचा उपयोग पुढे विभागीय परीक्षेच्या वेळी होतो, पण त्यासाठी कोणतीही पदवी चालते.

पोलीस उपनिरीक्षक पदासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोग पदवीची अट घालतो. परंतु ती पदवी कोणत्याही शाखेची असली तरी पुरते. या पदाचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन परभणीच्या महाविद्यालयातून थोड्या शुल्कात बी. ए. झालेला विद्यार्थी आणि दूरच्या शहरात लाखो रुपये भरून गुन्हेगारीशास्त्राची पदवी घेतलेला विद्यार्थी, हे दोघे या परीक्षेला एकाच पात्रतेने बसतात. ‘पोलीस खात्यात जाण्यासाठी खास पदवी’ अशी जाहिरात वाचून ज्यांनी कर्ज काढले असेल, त्यांनी हा नियम एकदा शांतपणे वाचावा.

दार सर्वांसाठी उघडे असले, की दारात गर्दी होते हेही खरे. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ पोलीस पदांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे शंभरांहून अधिक. अर्जदारांत पदवीधर व पदव्युत्तर तरुणांचाही मोठा भरणा होता. बारावीची अट असलेल्या जागेसाठी पदवीधर रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याने पदवीवर केलेल्या खर्चाचे बाजारातील मोल काय ठरले, हे वेगळे सांगण्याची गरज राहत नाही.

वकिली: हप्ता आधी, उत्पन्न नंतर

वकिलीची गोष्ट निराळी आहे. येथे पदवी अनिवार्य आहे. पदवीशिवाय सनद नाही आणि सनदेशिवाय वकीलपत्र नाही. तेव्हा कर्ज काढून शिकण्याचे समर्थन कोठे होऊ शकत असेल, तर ते येथे. तरीही आकडे मांडून पाहिले पाहिजेत.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. तेथील शुल्क, वसतिगृह व भोजन मिळून पाच वर्षांचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. खाजगी विद्यापीठांत तो याहून अधिक असू शकतो. समजा, एका विद्यार्थ्याने दरवर्षी दोन लाख याप्रमाणे पाच वर्षांत दहा लाख रुपये दहा टक्के व्याजाने घेतले. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. मात्र या काळात सरळ व्याज चढत असते. पहिल्या वर्षीच्या रकमेवर सहा वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे, याप्रमाणे हिशेब केला, तर हप्ता सुरू होण्याच्या दिवशी चार लाख रुपये व्याज साचलेले असते. कर्ज चौदा लाखांचे झालेले असते. ते पंधरा वर्षांत फेडावयाचे ठरले, तर मासिक हप्ता सुमारे १५,०४५ रुपये येतो आणि अखेरीस बँकेला सत्तावीस लाखांहून अधिक रक्कम जाते. दहा वर्षांत फेडावयाचे म्हटले, तर हप्ता साडेअठरा हजारांवर जातो.

आता दुसरी बाजू. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना ज्येष्ठांनी दरमहा किमान किती विद्यावेतन द्यावे याची शिफारस केली. शहरी भागासाठी वीस हजार आणि ग्रामीण भागासाठी पंधरा हजार रुपये, असा तो आकडा आहे. ही केवळ शिफारस आहे, बंधन नव्हे. तालुक्याच्या न्यायालयात नव्या वकिलाला पहिली काही वर्षे याहून कमी पैशांत, पुष्कळदा केवळ येण्याजाण्याच्या खर्चावर काढावी लागतात, हे वकिली व्यवसायाशी संबंध असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पण शिफारस पूर्णपणे पाळली गेली असे मानले, तरी पंधरा हजारांचे विद्यावेतन आणि पंधरा हजार पंचेचाळीस रुपयांचा हप्ता! राहणे, खाणे, कपडे, पुस्तके यांसाठी वजा पंचेचाळीस रुपये उरतात.

हा हप्ता मग घरून भरला जातो. घर शेतकऱ्याचे असेल, तर तो सोयाबीनमध्ये मोजून पाहावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने वर्षाचे बारा हप्ते भरण्यासाठी सुमारे चौतीस क्विंटल सोयाबीन विकावे लागते. एकरी सहा-सात क्विंटल उतारा धरला, तर पाच एकरांचे सगळे पीक बँकेच्या दारात जाते, आणि बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांचा खर्च मागे राहतो. बाजारात हमीभाव मिळतोच असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिने शेतातले पीक आणि पिकाखालची माती दोन्ही नेली. निसर्ग असा रुसला तरी हप्त्याची तारीख पुढे जात नाही. हप्ते थकले की विद्यार्थ्याबरोबर सहकर्जदार वडिलांचेही पतमूल्यांकन घसरते आणि घराला लागणारे दुसरे कोणतेही कर्ज मागताना तीच थकबाकी आडवी येते.

न्यायाधीश होण्याची वाट याहून आकर्षक आहे. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानुसार कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचे मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून सुरू होते. चौदा लाखांचे कर्ज या वेतनातून सहज फिटते. परंतु जागा थोड्या असतात आणि परीक्षा कठीण असते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. न्यायदानाच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येईल. न्यायालयाचा अनुभव नसलेला न्यायाधीश कोणालाच नको असतो. पण तिचा आर्थिक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. बँक सांगते, पदवीनंतर एका वर्षाने हप्ता सुरू करा. न्यायव्यवस्था सांगते, पदवीनंतर तीन वर्षे थांबा. या दोन आदेशांच्या मध्ये जो काळ उरतो, तो श्रीमंताच्या मुलाला अनुभवाचा आणि गरिबाच्या मुलाला थकबाकीचा काळ ठरतो.

सनदेवर महाविद्यालयाचे नाव नसते

याचा अर्थ गरिबाच्या मुलाने वकील होऊ नये असा मुळीच नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात मराठवाड्यातील विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ आले आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. परभणी जिल्हा आता या नांदेडच्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो. विद्यापीठ जवळ येणे हीच या भागाला मिळालेली सर्वांत मोठी शिष्यवृत्ती होती, कारण शिक्षणाच्या खर्चात शुल्कापेक्षा परगावी राहण्याचा खर्च अनेकदा मोठा असतो.

विद्यापीठ क्षेत्रातील विधी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क हजारांत मोजले जाते, लाखांत नव्हे. कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयातून पदवी घेतली, तरी मिळणारी सनद एकच असते. जिल्हा न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा अधिकार तिने सारखाच मिळतो. सनद मिळवण्याचा खर्चही उतरला आहे. राज्य बार कौन्सिलांनी कायद्यात सांगितल्यापेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ठरवले. सर्वसाधारण उमेदवारासाठी ही मर्यादा ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारासाठी १२५ रुपये आहे. मोठ्या विद्यापीठाचे नाव मुंबई-दिल्लीच्या कंपन्यांत आणि मोठ्या कायदा-संस्थांत उपयोगी पडते, हे मान्य. ज्याला तेथे जावयाचे आहे आणि ज्याला राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत तसे गुण आहेत, त्याने कर्जाचा विचार जरूर करावा. मात्र ज्याला परभणी, पाथरी किंवा पूर्णा येथे फौजदारी वकिली करावयाची आहे, त्याला दहा लाखांचे नाव विकत घेण्याची गरज नाही.

प्रयोगशाळेची आशा आणि डी. एड. चा धडा

तिसरी वाट न्यायसहायक विज्ञानाची. तिला सध्या मोठे आकर्षण आहे आणि त्यामागे कायद्याचे बळ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आवश्यक केले आहे; राज्यांना ही तरतूद टप्प्याटप्प्याने पाच वर्षांच्या आत लागू करावयाची आहे. गुन्हा घडला की तज्ज्ञ गेलाच पाहिजे, म्हणजे तज्ज्ञ लागणारच, असा तर्क विद्यार्थी करतात. तो अर्धा खरा आहे.

गरज निर्माण होणे आणि पद निर्माण होणे यांत अर्थखात्याचा एक उंबरठा असतो. महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाला हे सांगावयास नको. डी. एड. झाले की शाळेत नोकरी ठरलेली, या समजुतीने राज्यात खाजगी अध्यापक विद्यालयांचे पीक आले. पालकांनी शेती गहाण टाकून प्रवेश घेतले. पुढे २०१२ नंतर शिक्षकभरती दीर्घकाळ थांबली, वर्गात विद्यार्थी मिळेनात आणि अनेक विद्यालये बंद पडली. शाळांना शिक्षकांची गरज त्या काळातही होती. पण पदे भरली जात नव्हती. त्या पदविकेवर काढलेले कर्ज मात्र थांबले नाही.

शासकीय संस्थेत, थोड्या शुल्कात न्यायसहायक विज्ञान शिकणे वेगळे आणि खाजगी संस्थेत वर्षाला लाख रुपये भरून शिकणे वेगळे. तीन वर्षांत तीन लाखांचे कर्ज घेतले, तर वरच्याच हिशेबाने हप्ता सुरू होताना ते तीन लाख नव्वद हजारांवर जाते आणि सात वर्षांच्या फेडीत महिना साडेसहा हजारांच्या आसपास द्यावे लागतात. हा हप्ता एखाद्या नियमित नोकरीत झेपण्यासारखा आहे. नोकरी नसेल तर तोही डोंगर आहे. त्यामुळे प्रवेशापूर्वी शासकीय प्रयोगशाळांच्या मागील दोन-तीन जाहिराती मिळवून त्यांत कोणती अर्हता मागितली होती, पदे किती होती आणि ती भरण्यास किती वर्षे लागली, हे पाहावे. संस्थेच्या माहितीपुस्तिकेपेक्षा ही जुनी जाहिरात अधिक खरे बोलते.

बँकेच्या वहीत नसलेले कर्ज

येथवर बँकेच्या कर्जाचा विचार झाला. पण या जिल्ह्यात फौजदारी न्यायाच्या नोकरीसाठी घेतले जाणारे कर्ज पुष्कळदा बँकेच्या वहीत सापडतच नाही. पदवी संपते, भरती निघत नाही, आणि मुलगा पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली घेऊन तयारी करू लागतो. अभ्यासिकेचे शुल्क, मैदानी सरावाच्या अकादमीचे शुल्क, खानावळ, पुस्तके. महिना आठ हजार एवढाच खर्च धरला, तरी तीन वर्षांत तो दोन लाख ८८ हजारांवर जातो. या खर्चासाठी बँक शैक्षणिक कर्ज देत नाही. तो भागवला जातो उसनवारीने, बचत गटातून आईने उचललेल्या रकमेने, दागिने गहाण ठेवून किंवा शेकडा तीन रुपयांच्या सावकारी व्याजाने. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. बँकेच्या दहा टक्क्यांना भिणारे कुटुंब या छत्तीस टक्क्यांचा हिशेब कधी कागदावर मांडत नाही, कारण त्या कर्जाला कोणी शैक्षणिक कर्ज म्हणत नाही.

‘बनी तो बनी, नही तो परभनी’ अशी एक म्हण येथे थट्टेने वापरली जाते. जमले तर जमले, नाही तर आपले गाव आहेच, असा तिचा भाव. प्रयत्नाला बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या अंगी असा बेफिकीरपणा थोडाफार शोभतो. परत येण्याच्या वाटेवर छत्तीस टक्क्यांचे व्याज उभे असेल, तर मात्र तो परवडत नाही. म्हणून तयारीची मुदत आधीच ठरवली पाहिजे. दोन भरत्या किंवा तीन वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेथे थांबावे आणि तोवर हाती दुसरे काहीतरी असावे. या दृष्टीने पाहता घराजवळ, अल्प शुल्कात घेतलेली विधी पदवी हा तयारीच्या काळातील चांगला आधार ठरतो. परीक्षा निसटली तरी सनद हाती राहते.

जुने प्रयोग, नवी गरज

या सर्वांत शासनाचे कर्तव्य काय? गेल्या काही वर्षांत योजना आल्या नाहीत असे नाही. इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ पासून आहे. तीत चार लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षणकाळातील व्याज शासनाने भरण्याची योजना २००९ मध्ये आली. ती तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती होती आणि पुढे मूल्यांकन झालेल्या संस्थांपुरती सीमित झाली. वरील उदाहरणात ही सवलत मिळाली, तर चार लाखांचे व्याज वाचते आणि पंधरा वर्षांचा हप्ता पावणेअकरा हजारांवर येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना आरंभी देशातील निवडक ८६० उच्च शिक्षण संस्थांसाठी होती. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत तीत आहे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले, हे तर स्वागतार्ह पाऊल होय.

परंतु या बहुतेक योजना कर्ज मिळण्याचा आणि शिकण्याच्या काळाचा विचार करतात. शिकून झाल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांचा विचार त्यांत फारसा नाही. त्याचा विचार आपल्याच देशात पूर्वी झालेला होता. केंद्र शासनाने १९६३-६४ मध्ये गुणवंत व गरजू विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय ऋण-शिष्यवृत्ती योजना सुरू केली. ते कर्ज बिनव्याजी होते, आणि जो विद्यार्थी पुढे शिक्षकी पेशा पत्करील त्याला सेवेच्या प्रत्येक वर्षास कर्जाच्या दहाव्या भागाची सूट मिळे. वसुली नीट न झाल्याने ती योजना मावळली, पण तिच्यामागील तत्त्व चुकीचे नव्हते. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने पोलीस शिक्षणासाठी अशीच कर्जे दिली. फौजदारी न्यायव्यवस्थेतील पूर्ण वेळ सेवेच्या प्रत्येक वर्षाला चौथा हिस्सा माफ होई. त्या पैशाच्या ओघाने तेथे अशा पदव्यांचे वर्ग भराभर निघाले आणि १९७८ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाला त्यांच्या ढासळत्या दर्जावर बोट ठेवावे लागले. म्हणजे पैसा सोडताना दर्जावर नजर हवी, हा धडाही त्याच प्रयोगाने दिला. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून निराळी वाट धरली. तेथे पदवीधराची कमाई ठरावीक मर्यादेपलीकडे जाईपर्यंत वसुली होत नाही आणि गेल्यावर ती प्राप्तिकराबरोबर होते. नव्या वकिलाच्या कमाईची चढण पाहता त्याला हीच पद्धत मानवणारी आहे.

आपल्याकडे एकदम असे करता येणार नाही, हे खरे. निदान तीन गोष्टी मात्र अवघड नाहीत. एक, विधी पदवीधरांच्या कर्जाचा हप्ता पदवीनंतर तीन वर्षांनी सुरू व्हावा, आणि साडेचार लाखांच्या आतील कुटुंबांसाठी त्या काळाचे व्याज शासनाने भरावे. ज्या राज्याला तीन वर्षे वकिली केलेला न्यायाधीश हवा आहे, त्याने त्या तीन वर्षांचा थोडा भार उचलणे न्याय्य ठरेल. दोन, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून जिल्होजिल्ही गरीब आरोपींच्या बचावासाठी पूर्ण वेळ वकिलांची जी व्यवस्था सुरू केली, तीत सहायक म्हणून नव्या वकिलांनाही वाव आहे. तेथे सेवा करणाऱ्याच्या शैक्षणिक कर्जाचा काही भाग दरवर्षी माफ व्हावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने गरिबाला वकील मिळण्याचा हक्क दिला. तो वकीलही कर्जाने वाकलेला नसेल, तर त्या हक्काला अर्थ येईल. तीन, प्रत्येक संस्थेने आपले पदवीधर तीन वर्षांनी काय करतात व किती मिळवतात हे प्रसिद्ध करावे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते. लाखो रुपयांच्या पदवीवर ती का छापू नये?

तोपर्यंत

शासन हे करील तेव्हा करील. तोवर पालकांनी व विद्यार्थ्यांनी काही पथ्ये पाळावीत. जी नोकरी हवी आहे, तिच्या जाहिरातीत ही पदवी आवश्यक म्हणून लिहिलेली आहे काय, हे प्रथम पाहावे. लिहिलेली नसेल, तर त्या पदवीसाठी कर्ज काढू नये. स्वस्त पदवी घ्यावी. पैशाचा क्रम शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, वसतिगृह भत्ता आणि सर्वांत शेवटी कर्ज असा ठेवावा. कर्ज घेतलेच, तर शिक्षण चालू असतानाच निदान व्याज भरत जावे. दोन लाखांवर पहिल्या वर्षी ते महिना सतराशे रुपयांच्या आत असते, आणि असे व्याज भरणाऱ्यास दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. हप्त्याची रक्कम मुलाच्या कल्पित पगारातून न मोजता, पहिली तीन वर्षे ती घरातून भरावी लागेल असे धरून मोजावी. एवढे करून जे कर्ज झेपेल, तेवढेच घ्यावे.

परभणीला चांगल्या वकिलांची, चांगल्या पोलिसांची आणि पुरावा नीट वाचू शकणाऱ्या तज्ज्ञांची गरज आहे, याबद्दल दुमत होणार नाही. ही माणसे याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या आणि कारकुनांच्या घरांतून यावयाची असतील, तर त्यांनी सनद हाती घेताना कर्जाच्या भीतीने पहिला मिळेल तो खटला, पहिली मिळेल ती नोकरी पत्करावी अशी पाळी येता कामा नये. ज्या वकिलाला दर महिन्याच्या पाच तारखेची धास्ती आहे, तो गरिबाचे वकीलपत्र विनामूल्य घेऊ शकत नाही. त्याच्या कर्जाची किंमत अखेर न्यायालयाच्या दारात उभ्या असलेल्या तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते.